दर्यावर्दींची विश्रांती : एका संशोधन प्रकल्पाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२५

आराखडा मंजूर झाला. विषय असा पक्का केला: ‘व्यापारी जहाजांवरच्या कर्मचाऱ्यांची विश्रांती: नियम, नोंदपत्रक आणि प्रत्यक्ष दिवस’. सुरुवातीला ‘दर्यावर्दींचं कामाचं आयुष्य’ असा ऐसपैस विषय डोक्यात होता. त्यात पगार, घर, एकटेपणा, बढती, अपघात सगळंच आलं असतं आणि कशालाच धड हात लागला नसता. विश्रांतीचं एक टोक घट्ट धरलं की बाकीचं आपोआप मागे येतं, कारण जहाजावर कामाची जागा आणि राहायची जागा एकच असते. ड्यूटी संपली तरी माणूस कामावरून कुठे जात नाही.

आवाका किती मोठा आहे ते आधीच लिहून ठेवते. बिम्को आणि इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंग या जहाज व्यवसायातल्या संघटनांच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ७४,००० हून अधिक व्यापारी जहाजांवर सुमारे १८.९ लाख माणसं काम करतात. कारखान्यातल्या आणि खाणीतल्या कामगारांवर समाजशास्त्रात कपाटंच्या कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलंय. जहाजावरच्या कामगाराच्या वाट्याला त्या मानाने फार थोडं आलं. नॉर्वेच्या विल्हेल्म ऑबर्ट आणि ओडवार आर्नर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस जहाजाच्या सामाजिक रचनेवर लिहिलं. पुढे अर्विंग गॉफमन यांनी १९६१ साली ‘सर्वंकष संस्था’ (जिथे राहणं, काम आणि झोप एकाच बंद आवारात होते अशी संस्था) ही कल्पना मांडताना तुरुंग, बराकी आणि मठ यांच्या रांगेत जहाजही बसवलं. ते बऱ्याच अंशी पटतं. पण एक फरक मला सोडवत नाही. कैद्याला कोठडीतल्या तासांच्या तक्त्यावर ‘मान्य आहे’ म्हणून सही करावी लागत नाही. दर्यावर्दीला आपल्या विश्रांतीच्या तासांच्या नोंदपत्रकावर तशी सही करावी लागते. माझं काम त्या सहीपासून सुरू होतं.

२७ जानेवारी

सागरी कामगार करार पुन्हा मुळातून वाचला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २३ फेब्रुवारी २००६ ला जिनिव्हात तो स्वीकारला आणि २० ऑगस्ट २०१३ पासून तो लागू झाला. आधीचे ३७ करार त्यात एकत्र केलेत. कामाच्या तासांबद्दल तो देशांना दोन पर्याय देतो. पहिला, कामाची कमाल मर्यादा: २४ तासांत १४ आणि सात दिवसांत ७२. दुसरा, विश्रांतीची किमान मर्यादा: २४ तासांत १० आणि सात दिवसांत ७७. विश्रांतीचे जास्तीत जास्त दोनच तुकडे करता येतात आणि त्यांतला एक सलग सहा तासांचा हवा.

हे दोन पर्याय एकाच मापाचे नाहीत. आठवड्याचे तास १६८. त्यातून विश्रांतीचे ७७ वजा केले की ९१ उरतात. म्हणजे दुसऱ्या पर्यायाने गेलं तर आठवड्याला ९१ तास काम पूर्णपणे नियमात बसतं. त्याच करारात साधारण दिवस आठ तासांचा आणि आठवड्याला एक सुट्टी असंही लिहिलंय. आठ तासांचा दिवस मान्य करणारा कागद आणि ९१ तासांच्या आठवड्याला वाट करून देणारा कागद एकच आहे, हे पहिल्या प्रकरणात ठसठशीत यायला हवं. नियम मोडले जातात की नाही, हा प्रश्न त्याच्या नंतरचा. आधी नियमच किती सैल आहे ते वाचकाला दिसलं पाहिजे.

१० फेब्रुवारी

नैतिकता समितीपुढे मांडणी. नेहमीचे प्रश्न लवकर आटोपले; गाडी अडली ती ओळख लपवण्यावर. शहरातल्या मोठ्या कारखान्यात ‘एक फिटर’ म्हटलं तर कोण ते कळत नाही. जहाजावर वीस-पंचवीस माणसं आणि प्रत्येक हुद्द्यावर बहुधा एकच. ‘टँकरवरचा सेकंड इंजिनिअर’ आणि सोबत महिना लिहिला, की कंपनीच्या कार्यालयात पाच मिनिटांत नाव निघेल. बोलणाऱ्याची भीतीही खरी असते: बहुतेकांची नोकरी एका कराराची, घरी गेलं की संपली. पुढचं जहाज मिळेल की नाही ते फोन येईपर्यंत कळत नाही. माणसाला नोकरीपासून दूर ठेवायला याद्या करण्याला करारात स्पष्ट मनाई आहे. पण फोन न येण्यासाठी यादी लागतेच असं नाही.

म्हणून ठरलं ते असं. जहाजाचं नाव, मार्ग, माल आणि राष्ट्रीयत्व यांपैकी काहीही लिहायचं नाही. हुद्दे शक्य तिथे ‘डेक अधिकारी’, ‘इंजिन कर्मचारी’ असे मोघम ठेवायचे आणि नेमका हुद्दा अर्थाला आवश्यक असेल तेव्हाच द्यायचा. मुलाखती होता होईल तो जहाजाबाहेर. कॅप्टनने परवानगी दिली म्हणजे खालच्या माणसाची संमती मिळाली, असं कुठेही धरायचं नाही. समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, ‘वरिष्ठांसमोर नाही म्हणता येत नसेल तर तो हो कितपत खरा?’ यावर उपाय एकच सुचला: प्रत्येकाला एकट्याने भेटायचं, आणि न बोलता नुसतं चहा पिऊन गेलं तरी चालेल हे आधी सांगायचं.

५ मार्च

प्रवेशाची खटपट चालू. कंपन्यांकडून उत्तरं येत नाहीत, आली तर ‘सध्या शक्य नाही’. बंदराचं फाटक हा वेगळाच अडसर. जुलै २००४ पासून आंतरराष्ट्रीय जहाज आणि बंदर सुरक्षा संहिता लागू झाली, तेव्हापासून बाहेरच्याला आत जाणं अवघड झालं. आतल्याला बाहेर येणं त्याहून अवघड. दर्यावर्दींसाठी चालणाऱ्या एका विश्रामकेंद्राने मात्र बसायला कोपरा दिला.

१९ मार्च

केंद्रात मुलाखती सुरू. लोक येतात ते फोनला रेंज, थोडी खरेदी आणि पायाखाली न हलणारी जमीन यांसाठी. हातात तास-दोन तास. त्यातला वेळ ते मला देतात, याची जाणीव ठेवून प्रश्न छाटले.

‘रोज किती तास काम?’ या प्रश्नाला उत्तर एकच येतं: ‘नियमाप्रमाणे.’ हे उत्तर त्यांच्या तोंडी बसलंय. बंदरावरच्या तपासनिसाला हेच द्यायचं असतं. म्हणून आजपासून प्रश्नाऐवजी कागद पुढे करते. चोवीस तासांची एक आडवी पट्टी, अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन. ‘मागच्या बंदरातला एक दिवस भरून द्याल?’ बस्स. माणसं पेन घेतात, मान खाली जाते आणि बोलणं आपोआप सुरू होतं.

आजची एक पट्टी पूर्ण उतरवून ठेवते. सेकंड ऑफिसर, बारा-चारचा वॉच (जहाज चालवण्याची पाळी). रात्री ०० ते ०४ ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत. ०४ ते ०६ जहाज धक्क्याला लावण्यासाठी मागच्या बाजूला दोरखंडांवर. १२ ते १८ मालाच्या चढ-उतारावर. २२:३० ला जहाज सुटणार म्हणून पुन्हा दोरखंडांवर आणि मध्यरात्री परत ब्रिजवर. कागदावर विश्रांती सकाळी ६ ते १२ आणि संध्याकाळी ६ ते साडेदहा. एकूण साडेदहा तास, दोनच तुकडे, एक तुकडा बरोबर सहा तासांचा. नियम मोडला की संगणकावरच्या पत्रकात चौकोन लाल होतो; इथे एकही होत नाही.

मग त्याने दुसऱ्या रंगाचं पेन मागितलं. सकाळी ६ ते साडेसात आरोग्य अधिकाऱ्यांसाठी औषधसाठ्याची कागदपत्रं. संध्याकाळी ६ ते ८ पुढच्या बंदराचा मार्गआराखडा. साडेतीन तास गेले, उरले सात. तेही साडेचार आणि अडीच असे तुटलेले, आणि त्यातच आंघोळ, जेवण, घरी फोन.

‘हे साडेतीन तास पत्रकात का नाहीत?’ असं मी विचारल्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, दोरखंडांवर किती वाजता गेलो ते लॉगबुकात असतं. वॉच लॉगबुकात असतो. तिथे खोटं चालत नाही, जुळवून बघतात. औषधाचं कपाट मी किती वाजता उघडलं ते कोण बघतं?’

सगळी मेख इथे आहे. पत्रकातून वाटेल ते काम गळत नाही. दुसऱ्या कुठल्याच वहीत ज्याची वेळ नोंदली जात नाही तेवढंच गळतं. पट्ट्या तपासताना हे पहिलं पाहायचं.

८ एप्रिल

पट्ट्यांवरून वाचनाकडे. मालमोच्या जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० मध्ये नेमका हाच विषय हाताळला होता: विश्रांतीच्या नोंदी ‘जुळवून घेण्याची’ जहाजावरची रीत. तिथल्या संशोधकांना जे दिसलं आणि मला जे दिसतंय त्यात अंतर फार नाही. त्यामुळे ‘नोंदी जुळवल्या जातात’ एवढंच सिद्ध करण्यात माझी वर्षं घालवायची नाहीत. कोणतं काम गळतं, कोणाचं गळतं आणि ते गळावं हे कोणाच्या सोयीचं, इथे मला भर घालता येईल.

थकव्याचा हिशोब कुठे जातो त्याचं उदाहरण म्हणून ‘शेन नेंग १’ चा चौकशी अहवाल पुन्हा काढला. कोळसा घेऊन निघालेलं हे जहाज ३ एप्रिल २०१० रोजी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर चढलं. त्या वेळी ब्रिजवर असलेल्या चीफ मेटला (कॅप्टनच्या खालोखालचा डेक अधिकारी) आधीच्या साडेअडतीस तासांत मिळालेली झोप अडीच तास होती. बंदरात माल भरण्याची जबाबदारी त्याची, आणि बंदर सोडलं की वॉचही त्याचाच. अशा अपघातानंतर बातमीत ‘मानवी चूक’ हे दोन शब्द छापून येतात. मला त्या शब्दांचा राग येतो. साडेअडतीस तासांच्या कामाचं वेळापत्रकही माणसांनीच आखलेलं होतं, फक्त ती माणसं ब्रिजवर नव्हती.

मूळ प्रश्न संख्येचा. जहाजावर कमीत कमी किती माणसं हवीत ते झेंड्याचा देश, म्हणजे जहाजाची नोंद जिथे आहे तो देश, ठरवतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा २०११ चा ठराव मार्गदर्शक आहे. पण जहाजाची नोंद कुठल्या झेंड्याखाली करायची ते मालक निवडतो. सर्वाधिक टनभार आज लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटं यांच्या झेंड्यांखाली आहे. कमी माणसांवर भागवणारा कागद मिळत असेल तर जास्त माणसांचा खर्च कोण कशाला करेल?

१२ मे

एका मालवाहू जहाजावर निरीक्षक म्हणून जायला मिळालं. कॅप्टन साहेबांनी मेसमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, ‘या मॅडम कंपनीच्या नाहीत. बोलायचं असेल तर बोला, नसेल तर नका बोलू.’ एवढ्या एका वाक्याने माझं निम्मं काम सोपं केलं.

१५ मे

इंजिन विभाग. रात्री इंजिनरूममध्ये माणूस नसतो, यंत्रं स्वतःवर लक्ष ठेवतात आणि काही बिघडलं की ड्यूटीवरच्या इंजिनिअरच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. पत्रकात ही रात्र विश्रांतीची. काल रात्री अलार्म वाजला तेव्हा मी खाली जायची परवानगी घेतली होती. फोर्थ इंजिनिअर पायऱ्या उतरत बॉयलरसूट चढवत होता. ठरलेल्या मिनिटांत खाली पोचून बटण दाबलं नाही तर अलार्म सगळ्या इंजिनिअरांच्या केबिनमध्ये वाजतो, म्हणून ही धावपळ. फिल्टर चोंदला होता, तसं मोठं काही नव्हतं. तो वर आला, हात धुतले, आडवा झाला. थोड्या वेळाने पुन्हा अलार्म.

बोलावणं आल्यामुळे झोपमोड झाली तर भरपाईची विश्रांती द्यावी असं करारात आहे. सकाळी आठला तो नेहमीप्रमाणे खाली होता. मी काही विचारलं नाही. चहाच्या वेळी तोच म्हणाला, ‘अलार्मच्या रात्री अलार्म वाजला नाही तरी झोप लागत नाही. कान उघडाच राहतो.’

अर्ध्या तासाच्या चौकोनांत हे बसत नाही. विश्रांती म्हणजे काम नसलेला वेळ अशी व्याख्या केली की त्याची ती रात्र भरगच्च विश्रांतीची ठरते.

१८ मे

घड्याळ एक तास पुढे. पूर्वेकडे जाताना हे पुन्हा पुन्हा होतं. इथे तो तास तिन्ही वॉचना वीस-वीस मिनिटांनी वाटून दिला. चीफ मेट म्हणाला की सगळीकडे अशी वाटणी होत नाही. काही जहाजांवर रात्री दोनला सरळ घड्याळ सरकवतात आणि ज्याची झोप जाईल त्याची जाईल.

स्वयंपाकघराकडे आतापर्यंतच्या अभ्यासांचं लक्ष कमी गेलंय. चीफ कुक पहाटेपासून उभा, जेवणांच्या मधल्या फटीत पडून घेतो. समुद्र खवळला की त्याचं काम वाढतं. भांडी बांधून ठेवायची, कढई धरून परतायचं, आणि जेवण मात्र वेळेवरच. त्याच्या पट्टीवर सलग सहा तास फक्त रात्री दिसतात. सणासुदीला तेही नाहीत.

२१ मे

केबिनांची दारं. जुन्या अभ्यासांत मेसमधल्या गप्पा, पत्ते, एकत्र बसणं यांची वर्णनं भरपूर आहेत. इथे जेवण झालं की बहुतेक दारं बंद. आत फोन. करारातल्या २०२२ च्या दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या आणि शक्य तिथे इंटरनेटची सोय देणं त्यात आलं. ही फार मोठी गोष्ट आहे. आठवडेच्या आठवडे घरचा आवाज न ऐकलेली पिढी अजून याच जहाजावर काम करतेय. बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) म्हणाला, ‘पूर्वी मुलगा आजारी पडला की बरा झाल्यावर कळायचं. आता ताप चढताना बघतो.’

विश्रांतीच्या पट्टीवर याचा थेट परिणाम आहे. घरची जागायची वेळ आणि याची झोपायची वेळ जुळत नाही. झोप तोडून फोन होतो. म्हणून कुणी हा त्याचाच दोष मानेल. मी मानणार नाही. नऊ महिने बापाने मुलाशी बोलायला स्वतःच्या झोपेतूनच वेळ काढावा अशी कामाची रचना असेल, तर तो तास रचनेने घेतलेला आहे.

२६ मे

बंदर. कंटेनर जहाजांचा बंदरातला मुक्काम हल्ली सर्वसाधारणपणे एका दिवसापेक्षाही कमी असतो आणि तेच तास कामाचे सर्वांत दाट असतात. आमचा मुक्कामही लवकर आटोपला. तपासणीचे लोक आले, रसद आली, इंधन आलं, सुटे भाग आले. किनाऱ्यावर उतरायला मिळालं मोजक्यांना, तेही पळत पळत.

१४ जून

परतल्यावर नोंदी उतरवून काढणं. दरम्यान जिनिव्हातून चांगली बातमी: कामगार परिषदेने करारातल्या नव्या दुरुस्त्यांना मान्यता दिली. किनाऱ्यावर उतरायला व्हिसा किंवा खास परवाना न लागणं त्यात आहे, आणि छळ व हिंसाचारापासून संरक्षणही. किनारा कागदावर मिळाला तरी तिथे जायला तास मिळणार का, हा माझा प्रश्न कायम आहे.

३ जुलै

महिला अधिकाऱ्यांच्या मुलाखती, सगळ्या दूरध्वनीवरून, त्या रजेवर असताना. २०२१ च्या त्या अहवालात महिलांचं प्रमाण १.२८ टक्के होतं, म्हणजे जगभर सुमारे २४,०००. ओळख लपवण्याचा प्रश्न इथे सर्वांत अवघड, त्यामुळे तपशील मुद्दाम गाळते. सामाईक मुद्दा तेवढा लिहिते: विश्रांतीच्या वेळीही ‘केबिनचं दार लावलंय ना’ हे तपासत राहणं. ही दक्षता कुठल्याच पत्रकात येत नाही, आणि रजेवर गेल्यावरही काहींच्या अंगातून लवकर जात नाही.

२८ जुलै

पगाराची बाजू थोडक्यात. सक्षम खलाशासाठी जागतिक पातळीवर ठरलेलं किमान मूळ वेतन २०२५ साली महिन्याला ६७३ अमेरिकी डॉलर होतं. अनेक करारांत ओव्हरटाइमचे तास आधीच ठरवून पगारात धरलेले असतात. त्यापुढच्या तासांची नोंद करायची तर ती विश्रांतीच्या पत्रकातही दिसायला हवी, आणि तिथे लाल चौकोन. त्यामुळे जादा तास मागणं म्हणजे स्वतःच्याच जहाजावर नियमभंग दाखवणं. ज्याने जास्त काम केलं त्यानेच गप्प बसावं अशी ही सांगड आहे. प्रबंधात हिला स्वतंत्र प्रकरण द्यायचं.

१९ ऑगस्ट

एनव्हिवो या सॉफ्टवेअरमध्ये मुलाखतींचं संकेतांकन (विषयवार गट पाडणं) संपत आलं. ‘गळालेली कामं’ या गटाचे उपगट तयार झाले: कागदपत्रं, आराखडे, शिकाऊ मुलांना शिकवणं, तपासणीची तयारी, अलार्म, हाकेसरशी हजर राहणं. ढोबळ शारीरिक काम या यादीत जवळजवळ नाही.

मार्गदर्शक बाईंशी दीर्घ चर्चा. त्यांचा आक्षेप रास्त होता: ‘वाचणारा म्हणेल, हे सगळे खोटी पत्रकं भरतात. तुझ्या प्रबंधाचा वापर उद्या त्यांच्याविरुद्धच झाला तर?’ मी सहीचा रस्ता पुढे ठेवला. पत्रकावर दोन सह्या असतात, कर्मचाऱ्याची आणि कॅप्टनची. कार्यालयातल्या कोणाचीही नाही. नियमभंग दिसला की कार्यालय जहाजाकडे खुलासा मागतं. दिसला नाही की कोणी काही मागत नाही. माणसं किती द्यायची आणि बंदरात किती तास थांबायचं हे ठरवणारा सहीच्या रकान्यात कुठेच नाही, आणि हे न ठरवणारे दोघे जबाबदार. बाई म्हणाल्या, ‘मग प्रबंध त्या तिसऱ्या, नसलेल्या सहीवर लिही.’

दुसरीकडे, या माणसांना निव्वळ सोसणारे म्हणून रंगवणंही मला मान्य नाही. सेकंड ऑफिसरने ते साडेतीन तास दुसऱ्या रंगाने भरले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. आराखडा नीट झाला नाही तर जहाज खडकावर जातं, हे त्याला माहीत आहे. काम चोख व्हावं म्हणून त्याने ते केलं, आणि या चोखपणावरच सगळी व्यवस्था फुकट चालते.

९ सप्टेंबर

सहभागी झालेल्यांना त्यांच्या पट्ट्यांचे उतारे पाठवले, काही गाळायचं असेल तर सांगा म्हणून. बऱ्याच जणांची उत्तरं आली. काही पुन्हा जहाजावर आहेत. एकाने राष्ट्रीयत्व ओळखू येईल असा एक शब्द काढायला सांगितला, काढला. फोर्थ इंजिनिअरने उलट भर घालायला सांगितली: अलार्मच्या रात्रीची पट्टी रिकामी ठेवू नका, तिरप्या रेघा मारा. काम नाही आणि विश्रांतीही नाही, असा तिसरा प्रकार हवा.

त्याचं म्हणणं मानलं. सगळ्या पट्ट्या नव्याने काढायला घेतल्यात, तीन प्रकारांत: काम, विश्रांती आणि तिरप्या रेघांचा वेळ. चौथ्या प्रकरणाचे तक्ते यावर बेतायचे. तपासनिसांच्या प्रशिक्षणासाठी दोन पानांचं टिपणही वेगळं करतेय. मार्गआराखड्यावरची तारीख, औषधसाठ्याची शेवटची नोंद आणि अलार्मची छापील यादी विश्रांतीच्या पत्रकाशेजारी ठेवून बघा, असं त्यात सुचवलंय. आणि फरक दिसला तर पहिला खुलासा जहाजाकडे न मागता मनुष्यबळ ठरवणाऱ्या कार्यालयाकडे मागावा, असंही. मसुदा शुक्रवारी बाईंकडे जाईल.